चांदणीला आठवलं नाही

“सर, आमच्या सोसायटीतले धुरीकाका दरवर्षी अख्ख्या बिल्डिंगला अलिबागला घेऊन जातात. बस तेच ठरवतात, जेवण तेच ठरवतात, अंताक्षरीत कोण कोणाच्या टीममध्ये ते पण तेच ठरवतात. मग त्यांना पीएचडी मिळेल का?”

प्रश्न चांदणीचा नव्हता. म्हणजे तोंड तिचं होतं, पण प्रश्न रुचिता आणि साईराजचा होता. शेवटच्या बाकावर बसून दोघांनी तो जुळवला होता आणि विचारून दाखव, मग पुढच्या शेवपुऱ्या आमच्याकडून, असं सांगून तिला टोचून उठवलं होतं. वर्षभरापूर्वीची चांदणी बाकाखाली शिरली असती. तेव्हा तिला हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणतानासुद्धा घाम फुटायचा. पण अकरावीत गॅदरिंगच्या दिवशी निवेदन करणारी मुलगी आजारी पडली आणि माईक चांदणीच्या हातात आला. आला तो आलाच. आपण बोललो की हॉल हसतो, आपण थांबलो की हॉल थांबतो, हे एकदा कळल्यावर बाईसाहेब जमिनीला पाय लावायला तयार नव्हत्या.

आत्ताही हॉल हसला. भाईंदर पश्चिमेच्या त्या शाळेची बारावी पोट धरून हसली. कोपऱ्यात उभ्या मृणालिनी मॅडमनी कपाळाला हात लावला, कारण पाहुण्याला बोलावलं होतं त्यांनीच.

पाहुणा म्हणजे अमोल. उत्तनकडच्या तारोडी गावचा. चांदणीच्या आईचं माहेर तारोडीच, त्यामुळे मामाच्या घरापलीकडे राहणारा हा अमोलदादा तिने लहानपणापासून लांबून पाहिलेला. मध्ये तो हिमाचलातल्या एका विद्यापीठात तीन वर्षं राहून आला आणि येताना एक पदवी घेऊन आला. तिचं नाव फळ्यावर दोन ओळी खाऊन बसलं होतं : आउटडोअर रिक्रिएशन लीडरशिप अँड मॅनेजमेंट. लोकांना डोंगरात, रानात, पाण्यात न्यायचं, तिथे त्यांना आनंद मिळेल असं बघायचं, कोणाला इजा होऊ द्यायची नाही, जागेचीही नासाडी करायची नाही, आणि हा सगळा कारभार नीट चालवायचा. याचं शिक्षण असतं, असं तो बिचारा पोटतिडकीने सांगत होता. आणि समोर पोरं एकमेकांना कोपरं मारत होती.

अमोलही हसला. हसणं ओसरू दिलं. मग म्हणाला, की मिळायला पाहिजे, एवढ्या लोकांना एका बसमध्ये बसवणं काही खायचं काम नाही. “फक्त एक सांग. धुरीकाकांच्या बसमध्ये कोण नसतं?”

चांदणीला असा प्रश्न उलटा येईल असं वाटलंच नव्हतं. पण आता गप्प बसेल तर ती चांदणी कसली. तिने बोटांवर मोजत सांगितलं, की तळमजल्यावरच्या चंपाकाकू नसतात, त्यांचे गुडघे गेलेत. मिनलवहिनी नसते, ती गेली तर सासूला कोण बघणार. आणि एक मुलगा आहे, त्याला गर्दी झाली की फिट येते, त्याला पण नाही नेत.

“बसमध्ये चढतात त्यांना कोणीही नेऊ शकतं,” अमोल म्हणाला. “जे चढत नाहीत त्यांना कसं न्यायचं आणि धडधाकट घरी कसं आणायचं, ते शिकायला मला तीन वर्षं लागली.”

चांदणी खाली बसली. रुचिताने तिला टाळी द्यायला हात पुढे केला, तो तसाच राहिला.

पण व्हिडिओ काढणाऱ्या साईराजचा फोन अमोलच्या उत्तराच्या आधीच खिशात गेला होता. त्याने चांदणीचा प्रश्न घेतला, हॉलचं हसणं घेतलं, अमोलचं ओशाळं हसू घेतलं, आणि बस, तिथेच संपवलं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांच्या फोनवर. रात्री खुद्द धुरीकाकांनी ते स्टेटसला ठेवलं, वर लिहिलं, ‘डॉक्टर म्हणा’. खाली दूध घ्यायला गेली तरी लोक चांदणीला म्हणत होते, काय बोललीस गं, एकदम कडक. तिला छान वाटलं. खोटं कशाला सांगा, खूपच छान वाटलं.

अमोलचं उत्तर कोणीच पाहिलं नव्हतं, आणि तिनेही कोणाला सांगितलं नाही.

*

मृणालिनी मॅडमनी अमोलकडून एक फेरी आधीच ठरवून घेतली होती. शनिवारी, तारोडीचं खाजण. खाजण म्हणजे भरतीचं पाणी आत येतं ती चिखलाची, तिवरांची जमीन. चांदणीने नाव दिलं ते अकाउंट्सचा तास बुडेल म्हणून. पण शुक्रवारी मॅडमकरवी निरोप आला : अमोल म्हणतोय, त्या प्रश्नवाल्या मुलीला सांगा, तुझ्या चंपाकाकूंना घेऊन ये.

चंपाकाकू रत्नागिरीकडच्या. लग्न होऊन भाईंदरला आल्या, तेव्हापासून त्यांचा प्रवास घर ते मार्केट, मार्केट ते घर, आणि हल्ली तोही बंद. त्या आधी नको म्हणाल्या, मग म्हणाल्या लोक हसतील, मग सकाळी सगळ्यांच्या आधी साडीला पिना लावून गेटवर उभ्या.

तारोडीला बसमधून उतरल्यावर अमोलने पहिली गोष्ट केली ती ही, की चंपाकाकूंना सगळ्यांच्या पुढे उभं केलं. त्यांच्या हातात एक काठी दिली आणि मागच्यांना सांगितलं, काकूंच्या पुढे कोणी जायचं नाही. साईराज कुरकुरला, की भाई, असं तर आपण पुढच्या दिवाळीत पोचू. अमोल म्हणाला, पोचायचं कुठंय?

आणि खरंच. त्या मुंगीच्या चालीने चालताना चांदणीला दिसायला लागलं. बांधाच्या दोन्ही बाजूंना लाल नांग्यांचे खेकडे बिळातून वर यायचे आणि चाहूल लागली की आत. चिखलावर निवटे उड्या मारत होते, माशाच्या जातीचे असून जमिनीवर. मामाकडे इतक्या सुट्ट्या गेल्या आणि हे सगळं घरामागे होतं. काकू मध्येच थांबायच्या, तर सगळी वरात थांबायची. एकदा अमोलने सगळ्यांना बांधावर लांब लांब बसवलं आणि कोणी बोलायचं नाही म्हणाला. चांदणीच्या जिभेला अक्षरशः खाज सुटली. मग ती खाज शमली. मग तिला तिवरांत पाणी शिरल्याचा आवाज आला, बारीक, कोणीतरी ताक घुसळतंय असा.

समुद्र समोर दिसत होता. थोडंच राहिलं होतं. तेवढ्यात अमोलने काकूंच्या तोंडाकडे पाहिलं आणि जाहीर केलं, की आता मागे फिरायचं. पोरं चिडली. दादा, दोन मिनिटं फक्त. तो ऐकेना. येताना जेवढी पावलं लागतात तेवढीच परत जाताना लागतात, म्हणाला, आणि ती आधी मोजायची असतात.

परतीला त्याने चांदणीला काकूंबरोबर पुढे केलं. ती खुशीत निघाली, सगळ्यांना जोक सांगत, हात हलवत. अर्ध्या वाटेत अमोलचा मागून आवाज आला : “चांदणी, मागे न बघता सांग. तुझ्या लोकांत आत्ता गप्प कोण झालंय?”

तिला सांगता आलं नाही. वळून बघितलं, तर रुचिता सगळ्यांच्या मागे लंगडत होती. नवीन सँडलने टाच सोलली होती आणि लाजेने ती बोलली नव्हती. सख्खी मैत्रीण, आणि हिला पत्ता नाही. अमोल रागावला वगैरे नाही. त्याने फक्त पट्टी काढून चांदणीच्या हातात दिली.

त्या रात्री चंपाकाकूंनी तिला घरात बोलावून खोबऱ्याची वडी दिली. म्हणाल्या, “मी चालले यात काय नाही गं. माझ्यासाठी सगळे हळू चालले. असं कोणी चाललं नव्हतं अजून.”

चांदणी रात्री फोनवर त्या कोर्सचं पान उघडून बसली. दोरी, होडी, नकाशा हे तर होतंच, पण जंगलात करायचे प्रथमोपचार होते, हवामान होतं, गटातली माणसं कशी वागतात याचा अख्खा विषय होता, कायदे होते, हिशोब होता. प्रवेशासाठी मे महिन्यात डोंगरात शिबिर. छातीत काहीतरी धडधडायला लागलं. माईक हातात असताना धडधडायचं, तसं नाही. वेगळं.

पप्पांना तिला सीए करायचं होतं. त्यांचं स्टेशनजवळ हार्डवेअरचं दुकान, आणि आपल्या घरात कोणीतरी कागदावर सही करणारा माणूस व्हावा एवढं एकच स्वप्न. तिने घरी काही सांगितलं नाही. अमोलला मात्र मॅडमकडून नंबर घेऊन फोन केला. तो खूश झाला. म्हणाला, मी इथे एक केंद्र काढतोय. खाजणाच्या कडेला गावकीची मोकळी जागा आहे, पूर्वी तिथे मिठाचे ढीग लागायचे. तिथे होड्यांची शेड घालायची. आधी गावातली पोरं आणि बाया, मग शाळा. येत्या रविवारी गावकीत ठरेल. जागा मिळाली तर सुट्टीत येऊन माझ्या हाताखाली शिक, आणि मग शिबिराला जा.

म्हणजे त्या रविवारावर अमोलचं सगळं होतं. आणि आता थोडंसं चांदणीचंही.

*

रविवारी ती आईबरोबर मामाकडे गेली. धर्मामामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, आवाज मोठा आणि जीव त्याहून मोठा. त्यांच्याकडे भाचीला फार मान. भाची घरात आली की मामा आधी तिच्या पाया पडणार, मग तिला टपली मारणार. भाचीचं ताट पहिलं, भाचीला केर काढू द्यायचा नाही, भाचीच्या तोंडून निघालेला शब्द खाली पडू द्यायचा नाही. लहानपणी याची मजा वाटायची. आई म्हणायची, तुझ्या मामाने तुला डोक्यावर बसवलंय, तिथून पडलीस तर लागेल हो.

गावकी देवळापुढच्या ओट्यावर बसली. पुरुष सतरंजीवर, बायका कडेला उभ्या. मामाने चांदणीला पुढे खुर्चीत बसवलं.

तारोडीच्या गावकीची एक रीत होती. गावाची जागा मागणाऱ्याने पानावर सुपारी ठेवायची. दाजी, म्हणजे तिथले सगळ्यांत वडील, त्यांनी सुपारी उचलून खिशात टाकली की जागा दिली. उचलून मागणाऱ्याच्या हातात परत ठेवली की विषय संपला. मग पुढच्या शिमग्यापर्यंत त्या माणसाने त्या जागेचं नाव काढायचं नाही, आणि त्याच्या मागच्याने आपली सुपारी पुढे करायची. मागे एक जण बसलाच होता. त्याला तिथे लग्नाचा लॉन काढायचा होता.

अमोलने सुपारी ठेवली आणि बोलला. छान बोलला. बायकांना पोहायला शिकवीन, पोरांना पाण्याची भीती राहणार नाही, परीक्षा पास झालेली माणसंच होडी सोडतील. दाजी मान डोलवत होते. एकाने विचारलं की हे सगळं शिकून येतात का कुठून, की असंच? अमोल सांगायला लागला, विद्यापीठ, तीन वर्षं.

तेव्हा धर्मामामा हसत उठला. त्याच्या मनात पाप नव्हतं. अमोलशी वैर नव्हतं, लॉनवाल्याशी नातं नव्हतं. त्याला फक्त आपली भाची गावाला दाखवायची होती.

“अरे थांब थांब. आमची भाची शालंत काय इचारते ते बगा जरा. वाघीन हाय वाघीन.”

आणि त्याने फोनवर तो व्हिडिओ लावून आवाज मोठा केला. धुरीकाका, अलिबाग, अंताक्षरी, पीएचडी. हॉलचं हसणं देवळापुढे सांडलं आणि सतरंजीवरची माणसंही हसायला लागली. कोणी म्हणालं, पिकनिकची डिगरी हाय म्हणजे. कोणी म्हणालं, मंग माझ्या सासऱ्यालापन द्या. अमोल एवढंच म्हणाला, की हा पूर्ण नाहीये, पुढे मी उत्तर दिलंय.

दाजींनी हात वर केला. हसणं थांबलं. त्यांनी चांदणीकडे पाहिलं.

“पोरी, तू व्हतीस तिथं. मंग यानं काय सांगितलं? तू सांगशील तसं.”

सगळं देऊळ तिच्याकडे बघत होतं. माईक नव्हता एवढंच. आणि तिला शब्दन् शब्द पाठ होता. बसमध्ये चढतात त्यांना कोणीही. जे चढत नाहीत. तीन वर्षं. ते तोंडातून काढायचं, एवढंच काम होतं. पण मामा तिच्याकडे बघत होता, फोन अजून हातात, तोंडभर हसू. ते उत्तर ऐकवलं असतं तर सगळं हसणं वळून मामावर गेलं असतं, त्याच्याच गावकीत. आणि दुसरंही एक होतं, ते चांदणीला नंतर रोज आठवत राहिलं. फोनमधली ती कडक मुलगी सगळ्यांना आवडली होती. तिला ती मुलगी सोडवेना.

“आठवत नाही,” चांदणी म्हणाली. वर थोडं हसलीसुद्धा.

दाजींनी तिचा शब्द धरला. भाचीला आठवत नाही, म्हणजे आठवण्यासारखं काही नसणार. त्यांनी पानावरची सुपारी उचलली आणि अमोलच्या तळहातावर ठेवली.

अमोलने सगळ्यांना हात जोडले, मूठ तशीच बंद ठेवून. तिच्या खुर्चीजवळून गेला तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

*

दुपारी मामीने भाचीच्या ताटात सुरमईचा मोठा तुकडा वाढला. घास तोंडात फिरत राहिला. परत येताना बसमध्ये आई म्हणाली, की धर्मादादा किती वर्षांनी एवढा खूश दिसला.

घरी येऊन तिने साईराजला तो व्हिडिओ काढून टाकायला लावला. त्याने काढला, पण तोवर तो इतक्या फोनांत जाऊन बसला होता, की काढला काय न काढला काय. रुचिताला तिने सगळं सांगितलं. रुचिता म्हणाली, यार, तू एवढी बोलतेस, तिथेच कशी गप्प झालीस? ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. चांदणीलाही कुठे कळत होतं.

आठवडाभर तिने स्वतःला बऱ्याच गोष्टी सांगून पाहिल्या. लॉनवाल्यालाच मिळणार होती जागा. दाजींचं आधीच ठरलं असेल. एक मुलगी काय बोलते याने काय होतंय. एकही टिकली नाही. दाजी मान डोलवत होते, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

पुढच्या शनिवारी ती एकटी तारोडीला गेली आणि मामाला सगळं सांगितलं. मामा पाया पडायला वाकत होता, तिने त्याला वाकू दिलं नाही. त्याला आधी उमजेचना. मग त्याने विचारलं :

“मंग तवा का न्हाय बोललीस?”

“तुम्ही हसत होतात, मामा.”

मामा पायरीवर बसला. मग आत जाऊन खुंटीवरचा सदरा चढवला आणि दाजींकडे गेला. चांदणी मामीजवळ थांबली. मामी शेंगा सोलत होती. मामा परत आला तो पडल्या चेहऱ्याने. दाजी म्हणाले, परत दिलेली सुपारी परत घेता येत नाही. आज धर्माच्या भाचीसाठी रीत मोडली, तर उद्या प्रत्येकाला भाची आहे. आणि लॉनवाल्याची सुपारी खिशात गेली, जेसीबी येऊन माती पण टाकायला लागलाय.

चांदणीने विचारलं, मामा, तुम्ही माझ्यावर रागावलात का. तो म्हणाला, “न्हाय गं बाय. तुज्यावर कसा रागवू. मीच तुला खुर्चीत बसवली.” आणि डोळे पुसले. चांदणीला वाटलं, यापेक्षा एक कानाखाली मारली असती तर.

अमोलच्या ओटीवर लाइफ जॅकेटांची रास होती. तो एकेक झटकून पोत्यात भरत होता. त्याच्या विद्यापीठानेच त्याला शिकवायला बोलावलं होतं, तो महिनाअखेर निघणार होता. ती पायरीखाली उभी राहिली. आत ये म्हणाला नाही.

तिने सांगितलं, की मला आठवत होतं.

“माहितीये,” तो म्हणाला. “तुझ्या तोंडावर दिसत होतं.”

ती रडायला लागली. सॉरी म्हणाली, मामाने दाजींना सांगितलं म्हणाली, व्हिडिओ काढून टाकायला लावला म्हणाली. तो ऐकत होता, हात चालूच. मग थांबला.

“चांदणी, पाण्यात असं झालं असतं ना, कोणी मागे राहिलंय का म्हणून मी विचारलं असतं आणि तू आठवत नाही म्हणाली असतीस, तर माणूस गेला असता. इथे जागाच गेली. तेवढंच.”

“मग मी तो कोर्स करायचा नाही का?”

“ते मला नको विचारूस,” अमोल म्हणाला. “मला आत्ता तुझ्याशी चांगलं बोलता येणार नाही.”

त्याने पोत्याचं तोंड बांधलं. ती तशीच बस स्टॉपवर आली.

*

मग चांदणीने ठरवून टाकलं, की आपल्याला त्या गोष्टीवर हक्कच नाही. ज्याच्याकडून शिकायचं त्याचंच मोडलं, आता कुठल्या तोंडाने डोंगरात जायचं? ती मुकाट अकाउंट्सला बसायला लागली. पप्पा खूश. सीएच्या क्लासची माहिती घेऊन आले, फ्रिजवर लावली. वर्गात कोणी म्हटलं चांदणी, जरा मिमिक्री कर ना, तर ती घसा बसलाय म्हणायची. तिला वाटत होतं ही शिक्षा आहे, आणि शिक्षा भोगली की आतलं टोचणं कमी होईल.

झालं भलतंच. एका संध्याकाळी ती जिना उतरत होती, तर तळमजल्यावर आपल्या दाराबाहेर चंपाकाकू उभ्या. पायांत पांढरेशुभ्र स्पोर्ट शूज, वर नेहमीची साडी. मुलाने मार्केटमधून आणून दिले म्हणाल्या, रोज घरातल्या घरात चालून बघते. “तो तुझा अमोल आता कधी नेणार गं? त्या दिवशी समुद्र थोडक्यात राहिला.”

चांदणीने सांगितलं, की काकू, तो चाललाय. तिथे आता लॉन होतोय. आणि का होतोय तेही सांगितलं.

काकूंनी ऐकून घेतलं. भिंतीला धरून खाली वाकल्या, बुटांच्या नाड्या सोडवल्या, दोन्ही बूट हातात घेतले आणि अनवाणी आपल्या दाराकडे गेल्या. दार लागलं.

त्या रात्री चांदणीला झोप नव्हती, पण रडूही नव्हतं. तिला एकच दिसत होतं. ती अकाउंट्स शिकली तरी काकूंचा समुद्र तिथेच राहणार. ती आयुष्यभर स्वतःला शिक्षा करत बसली तरी जेसीबीने टाकलेली माती निघणार नाही. मग ही शिक्षा नक्की कोणाच्या उपयोगाची? आणि मनाच्या अगदी तळाशी, लाज वाटावी अशी, ती धडधड अजून होतीच. तिवरांत पाणी शिरतानाचा तो आवाज तिला परत ऐकायचा होता. गप्प कोण झालंय, ते न वळता ओळखायला शिकायचं होतं. तिलाच ते येत नव्हतं, म्हणूनच.

रविवारी दुपारी जेवणं झाली. पप्पा बडीशेप चघळत क्लासच्या फीचं बोलत होते. आईला तारोडीचं सगळं माहीत होतं. मामाने फोनवर सांगितलं होतं, आणि त्यानंतर ती चांदणीशी जपून बोलायची, काचेच्या भांड्याशी बोलावं तशी. चांदणीने टीव्ही बंद केला.

ती म्हणाली, मी सीए करत नाहीये. अमोलदादा शिकला तेच शिकायला जायचंय मला, हिमाचलला.

पप्पांची बडीशेप तोंडात थांबली. त्यांनी आधी आईकडे पाहिलं, हे तुला माहीत होतं का असं. मग म्हणाले, की एका पोराचं नुकसान झालं म्हणून तू तुझं पण करून घेणार का? आईही म्हणाली, बाळा, चूक झाली, मान्य. पण चुकीची भरपाई म्हणून कोणी आयुष्य देतं का? अमोलला तरी त्यातून काय मिळणार?

“काही नाही मिळणार,” चांदणी म्हणाली. “भरपाई होत नाही, आई. मी करून बघितली. त्याचं गेलं ते गेलं, आणि तो माझ्याशी परत नीट बोलेल असं पण मला वाटत नाही. ते माझ्याबरोबर राहणार, मी इथे राहिले तरी आणि तिकडे गेले तरी.”

पप्पांनी चष्मा काढला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना मुलीचा आवाज त्या व्हिडिओतल्यासारखा वाटला नाही. खालच्या पट्टीतला होता, आणि समोर हसायला कोणी नव्हतं.

“मेमध्ये शिबिर आहे,” ती म्हणाली. “मी जाणार आहे. तिथे नापास झाले तर पुढच्या वर्षी परत जाईन. तुम्ही रागवा, मी ऐकून घेईन. पण मी ठरवलंय.”